बादलीत न पडलेला भात

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे नियम मी लिहिले आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्यावर ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांत पहिला नंबर माझाच लागतो.

बदलापूर पूर्वेला, शिरगावात आमची सोसायटी. दोन विंग, पन्नासएक घरं. एक दिवस गेटवर नोटीस लागली की मोठ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आपणच जिरवायचा, घंटागाडी फक्त सुका घेणार. मी तेव्हा नुकतीच सेक्रेटरी झाले होते. मागच्या सेक्रेटरींनी राजीनामा का दिला हे मला त्या दिवशी कळलं.

खत करायच्या मशीनचे भाव काढले, तर पार्किंगची गळती थांबवायला ठेवलेले सगळे पैसे त्यात गेले असते. मग मागच्या बाजूला खड्डा करू म्हटलं, तर तळमजल्यावरची चारही घरं वासाच्या भीतीने एकत्र आली. एरवी ती एकमेकांशी बोलतही नाहीत. शेवटी एक ठेकेदार मिळाला. तो रोज सकाळी टेम्पो आणणार, ओला कचरा उचलणार आणि किलोवर बिल लावणार. बिल सगळ्यांत सारखं वाटायचं ठरलं, आणि लगेच भांडण जुंपलं. "आम्ही दोघंच माणसं. आम्ही का भरायचे सात माणसांच्या सालपटांचे पैसे?"

बादल्यांचा घोळ तर वेगळाच. नियमाप्रमाणे ओल्याला हिरवी बादली. मी नोकरीला उल्हासनगरात, एका खासगी ऑफिसात, म्हणून घाऊक भावात आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुकानदाराने गोडाउनमध्ये एक नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, हरा माल खलास. लाल ले जाओ, सस्ते में लगा देता हूँ. कचरे को कलर का क्या मालूम?" मला ते पटलं. पन्नास लाल बादल्या टेम्पोत घालून आणल्या. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस गेटवर अडून बसला. लाल म्हणजे डायपर वगैरेंचा कचरा, त्याला हात लावणार नाही. मग दोन रविवार बसून लाल बादल्यांवर हिरव्या चिकटपट्ट्या मारल्या. त्या बादल्या दिसल्या की आजही माझं डोकं फिरतं.

मीटिंगा सुरू झाल्या. चहाचा चोथा ओला की सुका? उन्हात वाळवला तर? करवंटी कशात? देवाची फुलं ही कचरा म्हणायचीच नाहीत, असं ज्यांचं म्हणणं होतं त्यांच्यासाठी वेगळी पिशवी आली. अंड्याची टरफलं ज्या डब्यात जाणार त्याच डब्यात शाकाहारी घरांनी आपली सालं का टाकावीत, यावर दीड तास गेला. कोणाला काही सोडवायचं होतं असं मला वाटत नाही. सगळ्यांना फक्त बोलायचं होतं.

आणि मग मला ती हुशारी सुचली. सकाळी सात ते आठ गेटवर वॉचमन काटा घेऊन उभा राहील. प्रत्येक घराची बादली तोलायची, फ्लॅट नंबरासमोर वजन लिहायचं, आणि किलोच्या वर जाईल त्याने जादा भरायचं. वही कोणी बघत नाही, तेव्हा लॉबीतच पांढरा बोर्ड लावायचा. येताजाता सगळ्यांना दिसेल. महिन्याअखेर सगळ्यात कमी कचरा करणाऱ्या घराला प्रमाणपत्र.

टाळ्या पडल्या. आमचे चेअरमन काका, रिटायर झालेले गृहस्थ, सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं डोकं म्हणजे डोकं आहे." मी घरी येऊन हे वाक्य दोनदा सांगितलं. एकदा नवऱ्याला, एकदा सासूबाईंना.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी बोर्डावर सगळ्यात वर कोणाचा आकडा होता? आमचा. पाच-सहा माणसांची घरं मागे पडली आणि तीन माणसांचं सेक्रेटरीचं घर पहिलं आलं. चेअरमन काका लॉबीत सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे रोज पंगत असते वाटतं!"

पंगत नव्हती, पण आमच्या घरात एक पान नेहमी जास्तीचं असतं. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, आयुष्यात कधी मोजून स्वयंपाक केला नाही. जितकी माणसं त्यापेक्षा एक जास्त धरायचं, आल्या-गेल्यासाठी. अंबरनाथला बुवापाड्यात त्यांनी तीस वर्षं काढली, दोन खोल्यांत. तिथे आलं-गेलं खरोखर असायचं. गावाकडचा कोणी नोकरी शोधायला यायचा, कोणाची डिलिव्हरी असायची. आणि कोणी नाही आलं तरी अन्न वाया जात नसे, कारण मागच्या गल्लीत एका बाईच्या दोन म्हशी होत्या. संध्याकाळी ती डबा घेऊन फिरायची. सालं, पेज, उरलेल्या भाकऱ्या, सगळं त्या डब्यात. म्हैस व्यायली की चिकाचा तांब्या घरपोच. आईंच्या त्या घरात केराची बादली होती, पण तिच्यात अन्न कधी पडलंच नाही.

शिरगावात म्हैस कुठून आणायची? इथे आल्यावर त्यांनी वाटा शोधल्या. खिडकीबाहेर कावळ्यांना पोळी ठेवायच्या. कबुतरं वाढली, एसीवर घाण झाली, सोसायटीने बंदी घातली. गेटबाहेरच्या कुत्र्यांना भात घालायच्या, त्यावरून एक मोठं भांडण झालं आणि तेही बंद. मग त्या दर सोमवारी रिक्षाने अंबरनाथला शिवमंदिरापाशी जायच्या, तिथे गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडे आठवड्याच्या वाळक्या पोळ्या द्यायच्या. गुडघे दुखायला लागल्यावर ते मी बंद केलं. या तिन्ही गोष्टी बंद करणाऱ्यांत मी होते. दोन ठिकाणी तर माझी सही आहे.

तर त्या दिवशी लॉबीतून मी तणतणत वर आले. ऑफिसात त्याच दिवशी काहीतरी बिनसलं होतं, त्याचाही राग होताच. चप्पलही न काढता मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "आई, अख्ख्या बिल्डिंगचे नियम मी करायचे आणि सगळ्यात जास्त घाण माझ्याच घरातून जायची? तोंड कुठे लपवू मी?"

आई कणीक मळत होत्या. त्यांचा हात थांबला. "घाण नाही गं ती," एवढंच म्हणाल्या आणि परत मळायला लागल्या. मी मात्र आत जाऊन रडले. अपमानाने. आता हे लिहितानाही कान गरम होतात.

दुसऱ्या आठवड्यात आमचा आकडा खाली आला. तिसऱ्यात आणखी खाली. आईंनी बादली खाली न्यायचं काम स्वतःकडे घेतलं. दुधीच्या सालांची चटणी व्हायला लागली, दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या दांड्यांची भाजी, सकाळी फोडणीची पोळी. मी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकले. बायकांनी रेसिप्या विचारल्या. मी बढाया मारल्या की बघा, ठरवलं तर काय अवघड आहे. खरं म्हणजे ती चटणी मी चमचाभर चाखायचे आणि डबा घेऊन पळायचे. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात शिफ्टला, तो कधी जेवायचा कधी नाही. आई स्वयंपाक आधी होता तेवढाच करत होत्या, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. भाताचं पातेलं तेच होतं. पोळ्यांचा डबा तसाच भरलेला. मग उरलेलं जातंय कुठे, हा प्रश्न हिशेबाच्या नोकरीत वीस वर्षं काढलेल्या बाईला पडला नाही.

संध्याकाळी आई लॉबीतल्या बाकावर बसायला जायच्या. तिथे बी विंगमधल्या एक आजी त्यांच्या सोबतीला असायच्या. दोघींच्या समोरच बोर्ड. मी ऑफिसातून येताना दिसले की आई बोटाने आमचा आकडा दाखवायच्या, शाळेतल्या मुलीने मार्क दाखवावेत तसा. मीही मान हलवून शाबासकी द्यायचे.

महिन्याअखेर प्रमाणपत्र आम्हालाच मिळालं. 'आदर्श घर.' चेअरमन काकांनी ते आईंच्या हातात दिलं, फोटो काढले. नवऱ्याने ते फ्रिजवर चिकटवलं.

त्याच सुमाराला आईंची तीन महिन्यांनी करायची साखरेची तपासणी आली. गोळ्या चालू होत्या, आकडा कधी फार वर गेला नव्हता. या वेळी गेला. पुढच्या वेळी त्याहून वर. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "आजी, गोड खाताय. असंच चाललं तर आता इन्सुलिन. आणि डोळे तपासून घ्या." आई जमिनीकडे बघत होत्या. आम्ही दोघं नवरा-बायको आईंकडे बघत होतो.

घरी येऊन आम्ही घर धुंडाळलं. साखरेचा डबा, गुळाचा डबा, देवघरातली खडीसाखर, कपाटातले कपडेसुद्धा. काहीच सापडलं नाही, तेव्हा त्या फार हुशारीने लपवतात असं आम्ही ठरवलं. नवऱ्याने गुळाची ढेप कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली. बासष्ट वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईसमोर तिच्या सुनेच्या पर्समध्ये गुळाची किल्ली. "आमचा छळ करायला करता का हे?" असंही मी बोलले. आई म्हणाल्या, "नाही खाणार आता." मला ती कबुली वाटली.

कुलूप लावूनही साखर उतरेना. त्यांचे पाय सुजायला लागले, दुपारभर झोपून राहायच्या. दूरदर्शनवरची खालची अक्षरं दिसत नाहीत म्हणाल्या. मी घाबरलेही होते आणि चिडलेही होते, आणि चिडणं जास्त सोपं होतं.

मग एका बुधवारी अंगात कणकण होती म्हणून मी रजा घेतली. नवरा फर्स्ट शिफ्टला गेलेला. पडल्या पडल्या डोळा लागला होता. अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात चमच्याचा आवाज झाला. मला वाटलं, सापडली चोरी. अनवाणी, आवाज न करता मी दारापर्यंत गेले.

आई ओट्याशी उभ्या होत्या. समोर कालच्या रात्रीच्या भाताचं पातेलं, त्यात गार आमटी ओतलेली. बाजूला दोन पोळ्या दुमडून ठेवलेल्या. त्या भराभर खात होत्या, औषध संपवावं तसं. चव घेण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळी त्यांनी माझ्यासमोर नाश्ता केला होता आणि एक वाजता त्यांचं जेवण व्हायचं होतं. मध्ये एकदा त्यांनी थांबून श्वास घेतला, पोटावर हात ठेवला आणि पुन्हा घास उचलला.

"आई, हे काय?"

त्या दचकल्या, पण पातेलं लपवलं नाही. "संपवतेय. टाकायला नको नि बोर्डावर यायला नको."

"रोज?"

"रोज कुठे? उरलं तर."

"आणि उरत कधी नाही?"

यावर त्या ओशाळून हसल्या. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी पातेलं हिसकावून घेतलं. "मग आम्ही गुळाला कुलूप लावलं तेव्हा बोलला का नाहीत? डॉक्टर बोलत होते तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलायचं? त्यापेक्षा गुळाचा आळ बरा वाटला." त्यांनी पदराने हात पुसले. "हे सांगितलं असतं तर तू खाऊ दिलं नसतंस. मग परत ते बादलीत. परत आपला नंबर वर. त्या दिवशी तू किती रडलीस गं. आत जाऊन रडलीस तरी ऐकू येतं की."

मी पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला माझी लाज वाटली, दुसरा शब्द नाही. त्या बाईने माझी मान खाली जाऊ नये म्हणून माझा कचरा पोटात घातला होता, आणि मी तिला चोर ठरवून किल्ली पर्समध्ये घेऊन फिरत होते.

पुढच्या कमिटी मीटिंगला मी सांगितलं, बोर्ड काढा. सगळ्यांना सारखं बिल लावा, नाहीतर जादाचे पैसे घ्या, पण बोर्ड काढा आणि ते प्रमाणपत्र बंद करा. आईंनी घरातलं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ घातली होती, त्यामुळे कारण नीट सांगता येईना.

"मॅडम, बिल निम्म्यावर आलंय," चेअरमन काका म्हणाले. "बोर्ड तुमचीच आयडिया. आम्ही तर टाळ्या वाजवल्या."

"बिल निम्म्यावर आलं, पण अन्न कुठे गेलं? कोणी विचारलं का?"

"लोक शहाणे झाले. कमी शिजवतात," खजिनदार म्हणाले.

पन्नास घरं एका बोर्डाने शहाणी होतात? याच घरांना चहाच्या चोथ्याचा निर्णय घ्यायला तीन मीटिंगा लागल्या होत्या. मी आवाज चढवला. कोणीतरी घड्याळ बघितलं. मतं घेतली, माझ्या बाजूने एक हात वर झाला, तो माझाच. बाहेर पडताना बोर्डापुढे थांबले. आकडे सगळे लहान लहान, नीटनेटके. मी एकेका फ्लॅट नंबरवर बोट ठेवत गेले आणि सकाळी अकरा वाजता त्या घरात कोण एकटं असतं ते आठवत गेले. सात-आठ घरांपुढे गेल्यावर बोट काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचा भात मी आईंच्या हातात दिला आणि लाल बादली पुढे केली. "टाका." त्यांनी भांडं बादलीवर धरलं, पण हात कलेना. दोनदा प्रयत्न केला. मग मीच त्यांच्या हातावर हात ठेवून भांडं उलटं केलं. त्यांनी तोंड फिरवलं. बादली मी खाली नेली. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आज जास्ती है." मी म्हटलं, मोठ्या अक्षरात लिही.

वर आले तर आई दारातच. "किती भरलं?"

"सव्वा किलो."

"सगळ्यात जास्त?"

"हो."

संध्याकाळी तांदूळ घेताना त्यांनी नेहमीचं माप भरलं, थांबल्या, आणि एक मूठ परत डब्यात टाकली. "आणि कोणी आलं तर?"

"पोहे करू," मी म्हणाले.

त्याला आता महिना होतोय. गुळाचं कुलूप काढलंय. आईंची साखर पुढच्या तपासणीत कळेल. डॉक्टरांनी सुई अजून थांबवून धरली आहे. मी डॉक्टरांना खरं कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे भात," आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवली.

काल शनिवार, मला सुट्टी. चेअरमन काकांनी या महिन्याचं प्रमाणपत्र सहीसाठी वॉचमनबरोबर वर पाठवलं. सेक्रेटरी म्हणून देऊन यायचंही मीच. मी ते टेबलावर ठेवून पेन शोधत होते. आईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, पण फ्लॅट नंबर मोठा छापलेला होता. तो त्यांनी कागद दूर धरून वाचला. बी विंग, तिसरा मजला. बाकावर त्यांच्या शेजारी बसणाऱ्या आजींचं घर.

"तिलाही गोळ्या चालू आहेत," आई म्हणाल्या.

मी सापडलेलं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि माझ्या चपला पायाने माझ्यापुढे सरकवल्या.

"आत्ताच जा. अकराला पातेलं घेऊन बसते ती."